फियाट ११०० डिलाइट पुन्हा रस्त्यावर आणताना: इंजिन, ब्रेक आणि बाकीच्या यांत्रिक कामाचा क्रम

वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी असलेली फियाट ताब्यात आली की पहिला मोह होतो तो बॅटरी जोडून चावी फिरवण्याचा. तो आवरा. सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडलेल्या असतात, पिस्टनच्या रिंगा गंजाने चिकटलेल्या असतात, एखादा व्हॉल्व्ह त्याच्या नळीत, म्हणजे गाइडमध्ये, अडकलेला असतो. अशा इंजिनाला स्टार्टरने जबरदस्ती फिरवलं तर रिंग तुटते, पुशरॉड (व्हॉल्व्हकडे हालचाल नेणारी दांडी) वाकतो आणि थोड्या दिवसांच्या कामात सुटलं असतं ते इंजिन थेट बोअरिंगला (सिलिंडर मोठा कापून घ्यायला) जातं. म्हणून या लेखातला क्रम असा आहे: आधी मोजायचं, मग उघडायचं, आणि गाडी सुरू करण्याआधी ती थांबेल याची खात्री करायची.

उदाहरणासाठी फियाट ११०० डिलाइट घेतली आहे. १९६४ पासून ही गाडी प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत होती. पुढे १९७४ मध्ये आलेली प्रीमियर पद्मिनी हीसुद्धा मुळात हीच गाडी, त्यामुळे बरेच यांत्रिक भाग एकमेकींना चालतात. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये आणि वर पुशरॉड. क्रँकला तीनच मेन बेअरिंग. गिअर स्टिअरिंगला, चाल मागच्या चाकांना, ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. साधं, उघडं, हाताला सगळं लागणारं यंत्र आहे आणि नवख्या माणसाने शिकायला याहून चांगली गाडी आपल्याकडे मिळणं कठीण.

एक गोष्ट लक्षात ठेवा. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. या गाडीच्या सुट्या भागांचा बाजार टॅक्सीच्या धंद्यावर उभा होता. म्हणून गॅस्केट सेट, ब्रेकची रबरं, पंपाचा डायफ्राम, इंजिन माउंटिंग अशा गोष्टी काम सुरू होण्याआधीच गोळा करा. चोर बाजार, कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याचा जुना बाजार इथे लोखंडी भाग अजून सापडतात. रबर मात्र जुन्या स्टॉकमधलं घेऊ नका. पाकीटबंद असलं तरी ते आतल्या आत कडक झालेलं असतं.

गाडी घेण्याआधी आणि उघडण्याआधी

आरसी बुकवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. टॅक्सीच्या काळात इंजिनांची अदलाबदल सर्रास व्हायची. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अट अशी की तिचं मूळ स्वरूप राखलेलं हवं. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, फेरनोंदणी ५,००० रुपये. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. मूळ स्वरूपाची अट आहे, म्हणून डिझेल इंजिन किंवा दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे नकार द्या. एकदा ती कापाकापी झाली की ही वाट कायमची बंद होते.

या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. म्हणून इंजिनाच्या आधी पत्रा तपासायचा. कार्पेट उचला, जॅक लावायच्या जागा, दरवाज्याखालच्या पट्ट्या, मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) हँगर जिथे बॉडीला धरतात तो भाग आणि पुढच्या सस्पेन्शनची बैठक इथे जुना स्क्रू-ड्रायव्हर जोराने टोचा. तो आत गेला तर आधी वेल्डिंगचं काम. सडलेल्या पत्र्यावर नवे बुश आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर बसवण्यात काही अर्थ नाही. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या किनाऱ्याजवळ वाढलेली गाडी असेल तर ही तपासणी दुप्पट कडक करा.

हत्यारं फार लागत नाहीत. मेट्रिक रिंग पाने आणि गोटी पाने, टॉर्क रेंच, फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं), कॉम्प्रेशन टेस्टर (सिलिंडरमधला दाब मोजणारा), मल्टिमीटर, व्हर्निअर, चांगला जॅक आणि चार जॅक स्टँड. विटा किंवा लाकडाच्या ठोकळ्यांवर गाडी ठेवून खाली शिरू नका. विटेला आधी तडा जाऊन इशारा मिळेल असं होत नाही, ती एकदम फुटते. प्रत्येक भाग सोडण्याआधी फोटो, प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव. आणि कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवाच. टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) आणि टॉर्कचे आकडे त्यातलेच घ्यायचे, तोंडी सांगितलेले नाहीत.

ब्रेक: पहिलं काम

या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच आहे. एका चाकाचा सिलिंडर गळला की पेडल थेट तळाला जातं आणि चारही चाकांचा ब्रेक जातो. आजच्या गाड्यांसारखी दुसरी अर्धी लाइन मदतीला नसते. त्यामुळे इथे एखादा भाग 'चालून जाईल' म्हणून सोडायचा नाही.

चाकं आणि ड्रम काढा. जुन्या लायनरच्या (ब्रेक शूवरच्या घासणाऱ्या पट्टीच्या) धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून कॉम्प्रेसरने हवा मारून ती साफ करायची नाही. पाण्याने ओली करून फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा, फडकी पिशवीत बांधून टाका. ड्रम निघत नसेल तर आधी शूची अ‍ॅडजस्टमेंट सैल करा. कडेला हातोडा मारला तर बिडाचा टवका उडतो.

मग चारही व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर खोला. आतली भिंत फडक्याने पुसून उजेडात बघा. नुसता डाग असेल तर बारीक होनिंग (दगडाने हलकं घासणं) पुरतं. नखाला खड्डा लागला तर होनिंग करत बसू नका: नवा सिलिंडर घ्या किंवा जुन्यात पितळी अथवा स्टेनलेसची स्लीव्ह बसवून घ्या. खड्ड्यावरून घासणारी नवी बकेट (रबरी सील) थोड्याच दिवसांत पुन्हा गळते. रबरं लावताना बोटाला ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको. खनिज तेलाने ही रबरं फुगतात आणि सिलिंडरमध्ये अडकतात. ब्रेक ऑइलनेच ओली करून बसवा.

रबरी होज पाइप बाहेरून कितीही छान दिसले तरी बदला. ते आतून सुजतात. पेडल दाबल्यावर जोराने तेल पुढे जातं, पण पाय काढल्यावर स्प्रिंगच्या जोराने ते परत येत नाही. मग एकच चाक तापत राहतं आणि गाडी एका बाजूला ओढते. असं चाक दिसलं की लोक शू आणि सिलिंडर बदलत बसतात, दोष होजमध्ये असतो. लोखंडी लाइन गंजल्या असतील तर कॉपर-निकेलच्या करून घ्या, टोकाला दुहेरी फ्लेअर (दुमडून पसरवलेलं तोंड) हवं. साधा तांब्याचा पाइप कंपनाने कडक होऊन तडकतो, तो नको.

ड्रम लेथवर आतून हलका कातून घ्या. ड्रम अंडाकृती झाला असेल तर ब्रेक लावताना पेडल पायाखाली धडधडतं. किती कापायचं याची मर्यादा मॅन्युअलमध्ये आहे. ती ओलांडली की ड्रम पातळ होऊन तापतो. नवे लायनर ड्रमच्या गोलाईला जुळवून घासून घ्यावे लागतात. फक्त मध्यावर टेकणारा शू पहिले काही शे किलोमीटर जवळपास काहीच थांबवत नाही.

डॉट ३ किंवा डॉट ४ चं सीलबंद डब्यातलं तेल भरा. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. शूची अ‍ॅडजस्टमेंट आधी करून मगच हवा काढा, नाहीतर पेडल लांबच राहतं आणि हवा राहिली असा गैरसमज होतो. शेवटी पेडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकलं तर कुठेतरी गळती आहे, किंवा मास्टर सिलिंडरची बकेट आतल्या आत तेल सोडते आहे.

इंजिन सोडवणं आणि मोजणं

चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात १५ ते २० मिली एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि डिझेलचं अर्धं-अर्धं मिश्रण टाका आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने, दोन्ही दिशांना थोडं थोडं हलवा. हललं की लगेच पूर्ण फेरा मारायचा नाही. रॉकर कव्हर काढून प्रत्येक व्हॉल्व्ह वर-खाली होतो का बघा. वर न येणाऱ्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर तेल सोडा आणि लाकडी दांड्याने अलगद टिचक्या मारा. आठवडाभरात इंजिन अजिबात हललं नाही तर हेड काढावंच लागेल. पान्याला लांब पाइप लावून जोर करू नका.

मोकळं झालं की तेल आणि फिल्टर बदला आणि कॉम्प्रेशन घ्या. सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली, प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे. आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. चारही साधारण १२० ते १४० पीएसआयच्या घरात आणि एकमेकांच्या १० ते १५ टक्क्यांत असतील तर हे इंजिन उघडायची घाई करू नका. एखादा कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वर आला तर रिंग किंवा बोअर झिजलं आहे. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाही. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असतील तर त्यांच्यामधलं हेड गॅस्केट गेलं असण्याची शक्यता जास्त. बरीच वर्षं उभ्या असलेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन सुरुवातीला कमीच दिसतं, थोडं चालल्यावर रिंगा सुटतात आणि ते सुधारतं. त्यामुळे एकाच मोजणीवर पूर्ण ओव्हरहॉलचा निर्णय घेऊ नका.

हेड काढायची वेळ आली तर

इंजिन पूर्ण थंड हवं. नट बाहेरून आत, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत सैल करा. अ‍ॅल्युमिनियमचं हेड आणि लोखंडी स्टड यांच्यामध्ये पांढरी पावडर साचते आणि हेड जागेवर घट्ट धरून बसतं. ब्लॉक आणि हेडच्या फटीत छिन्नी घालायचा विचारही मनात आणू नका, मऊ अ‍ॅल्युमिनियमवर पडलेली खाच पुढे कायम पाणी गळवते. स्टडभोवती गंज सोडवणारं तेल रोज सोडत राहा, हेडच्या बाजूंना लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका. वेळ लागतो, पण निघतं.

हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरपी ठेवून फीलर गेज घाला. ०.०५ मिमीचं पान सरकत असेल तर फेसिंग (मशीनवर सपाट करणं) करून घ्या, पण कमीत कमी. हेड फेसिंगला गेलंच आहे तर प्रेशर टेस्टही करून घ्या. व्हॉल्व्ह सीटच्या मधली बारीक तीड डोळ्याला दिसत नाही. व्हॉल्व्ह गाइडमध्ये डुगडुगत असेल तर आधी गाइड, मग सीट कटिंग, मग लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं). हा क्रम उलटला तर सीटचं काम फुकट जातं, कारण नव्या गाइडमध्ये व्हॉल्व्हचा मध्य सरकतो.

बोअर मोजायला लेथवाल्याकडचं डायल गेज लागतं. वर, मध्ये, खाली अशा तीन उंचीवर आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजून आकडे कागदावर लिहून घ्या. वरच्या आणि खालच्या मापात ०.१५ मिमीहून जास्त फरक असेल तर नुसत्या रिंगा बदलून धूर थांबणार नाही, बोअरिंग लागेल. इथे हमखास होणारी चूक म्हणजे आधी बोअर करून मग पिस्टन शोधणं. बाजारात कोणत्या ओव्हरसाइजचा पूर्ण सेट मिळतो ते आधी बघा, पिस्टन लेथवाल्याच्या हातात द्या आणि प्रत्येक सिलिंडर त्या त्या पिस्टनच्या मापाने करून घ्या. नव्या रिंगेचं टोकामधलं अंतर बसवण्याआधी तपासा. रिंग बोअरमध्ये घाला, पिस्टनच्या माथ्याने इंचभर खाली सरळ ढकला आणि फीलर लावा. ६८ मिमी बोअरला साधारण ०.२५ ते ०.३० मिमी हवं. अंतर कमी पडलं तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग बोअरला ओरबाडते.

क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने मोजा. ०.०५ मिमीहून अधिक अंडाकृती असतील तर ग्राइंडिंग आणि त्या मापाचे बेअरिंग शेल. ग्राइंडिंगहून आलेल्या क्रँकच्या तेलाच्या वाटा लांब ब्रश आणि रॉकेलने स्वतः धुवा, मग हवा मारा. त्या वाटांत राहिलेली ग्राइंडिंगची कच नवे शेल पहिल्या तासातच खाते. बेअरिंग कॅप एकमेकांच्या जागी बसवायच्या नाहीत, फिरवूनही बसवायच्या नाहीत. काढण्याआधी सेंटर पंचने खुणा करा. टायमिंग चेन ढिली वाटत असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला आणि खुणा समोरासमोर आणूनच कव्हर लावा.

हेड बसवताना नट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने आवळा.

पाणी

जुन्या फियाट तापतात अशी तक्रार जुनीच आहे. तिचं खरं कारण बहुतेक वेळा ब्लॉकच्या तळाशी, शेवटच्या सिलिंडरभोवती साचलेला गाळ आणि खार असतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं विहिरीचं किंवा बोअरवेलचं जड पाणी भरलं गेलं आहे. ब्लॉकचे वेल्च प्लग (पाण्याच्या भोकांवरच्या पत्र्याच्या टोप्या) काढा, आत तार घालून गाळ मोकळा करा, पाण्याच्या जोराने धुवा आणि प्लग सगळेच नवे बसवा. रेडिएटर नुसता धुऊन भागत नाही: वरची टाकी उघडून नळ्यांतून रॉडिंग (सळई फिरवून सफाई) करून घ्या.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) पूर्वी काढून टाकला गेला असेल तर परत बसवा. तो नसला की इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल तेलात उतरतं आणि बोअर लवकर झिजतं. पाण्यात कूलंट हवाच, कारण अ‍ॅल्युमिनियम आणि बीड एकत्र असलेल्या इंजिनात नुसतं पाणी हेड आतून कुरतडतं.

पेट्रोल

टाकी उतरवा आणि वास घ्या. आंबूस वास म्हणजे जुन्या पेट्रोलचा डांबरासारखा थर. आतला गंज काढायला साखर कारखान्याची मळी स्वस्त आणि उत्तम: एक भाग मळी, नऊ भाग पाणी, टाकी काठोकाठ भरून आठ-पंधरा दिवस ठेवा, मग धुऊन लगेच वाळवा. हे फक्त लोखंडासाठी; कार्ब्युरेटर किंवा अ‍ॅल्युमिनियमचे भाग त्यात बुडवू नका. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग अजिबात नाही. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुनी रबरं त्यात मऊ होऊन सुटतात. म्हणून सगळे पेट्रोल पाइप आणि फ्युएल पंपाचा डायफ्राम इथेनॉल चालेल असेच घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी टाकीच्या तळाशी आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत बसून गंजवतं. गाडी महिनाभरापेक्षा जास्त उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करा. या पेट्रोलवर मिश्रण थोडं हलकं होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. प्लगचं टोक पांढरट दिसायला लागलं आणि चढावर इंजिन अडखळलं तर एक पायरी मोठा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) लावून बघा.

कार्ब्युरेटरचे जेट हवेने साफ करा. तार घातली तर भोक मोठं होतं आणि मग मिश्रण कधीच जुळत नाही. थ्रॉटलचा दांडा बाजूला हलत असेल तर तिथून हवा शिरते. आयडल सेट होत नसल्याचं कारण बहुतेक वेळा हेच. त्याला बुश बसवून घ्या.

ठिणगी आणि वायरिंग

फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२. पॉइंटचं (ठिणगीसाठी प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांचं) अंतर डिस्ट्रिब्युटर कोणत्या कंपनीचा आहे त्यावर ठरतं: लुकास-टीव्हीएसला ०.३५ ते ०.४० मिमी, मारेली पद्धतीच्याला ०.४२ ते ०.४८ मिमी. प्लगला ०.६ मिमी. आधी पॉइंट, मग टायमिंग. पॉइंट हलले की टायमिंगही हलतं. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदला. कापडी वेष्टनाची जुनी वायर वाकवल्यावर तुकडे पडत असतील तर पूर्ण हार्नेस नवा करा, टेपच्या ठिगळांवर विसंबू नका. इंजिन आणि बॉडीमधली अर्थिंगची जाड पट्टी काढून दोन्ही टोकं घासा. स्टार्टर मरगळल्यासारखा फिरतो त्याला पुष्कळदा तीच कारणीभूत असते.

गिअर, स्टिअरिंग

गिअर अडकतो, दुसरा पडत नाही, म्हणून गिअरबॉक्स उतरवण्याआधी स्टिअरिंग कॉलमपासून बॉक्सपर्यंतच्या लिंकेजचे बुश बघा. किरकोळ किमतीचे बुश झिजलेले असतात आणि चांगले गिअरबॉक्स विनाकारण उघडले जातात. एकाने आत बसून गिअर टाकायचे, दुसऱ्याने खाली बघायचं, ढिलेपणा लगेच दिसतो. तेल जीएल-४ दर्जाचं घ्या. काही जीएल-५ तेलांतली गंधकयुक्त द्रव्यं पितळी सिंक्रो रिंगा (गिअर सहज पाडणाऱ्या) खातात. पुढच्या कॉइल स्प्रिंगला हात लावायचा असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतोच. तो नसेल तर ते काम बाहेर द्या.

पहिल्यांदा सुरू करताना

प्लग काढून स्टार्टर मारा, तेलाचा दाब दिसेपर्यंत, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. ऑइल पंप उघडला असेल तर बसवताना त्यात व्हॅसलीन भरा, नाहीतर कोरडा पंप तेल ओढत नाही. दाब आल्याशिवाय प्लग लावू नका. २०डब्ल्यू-५० चं साधं मिनरल तेल भरा. सिंथेटिकवर नव्या रिंगा नीट बसत नाहीत. जवळ अग्निशामक ठेवा आणि एका माणसाला पेट्रोलच्या पाइपांकडे बघायला उभं करा. कॅमशाफ्ट किंवा टॅपेट नवे असतील तर सुरू होताच इंजिन १,५०० ते २,००० आरपीएमवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा, आयडलला सोडू नका. आयडलवर कॅमवर पुरेसं तेल उडत नाही.

थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा टॉर्कवर तपासा आणि टॅपेट लावा. पहिले ५०० किलोमीटर चढावर वरच्या गिअरमध्ये दाबून चालवू नका, एकाच वेगाने लांबवर जाऊ नका. ५०० ला तेल आणि फिल्टर बदला. काढलेलं तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून बघा. करड्या रंगाची बारीक पूड नव्या रिंगांची असते, तिची काळजी नको. पितळी किंवा तांबूस चमक दिसली तर बेअरिंग शेल खाल्ले जात आहेत, तेव्हा गाडी पुढे न चालवता संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) उतरवा. हेडचे नट, टॅपेट, ब्रेकची शू अ‍ॅडजस्टमेंट आणि पाट्यांचे यू-बोल्ट याच वेळी पुन्हा एकदा.